देवाला दिलेलं निवेदन

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचं लक्ष भलतीकडे जायला नको. मला कुणी काही दिलेलं नाही. तांदूळ नाही, नोकरी नाही, आजारपणात औषध नाही. कॅथलिक होण्याचा निर्णय मी घेतला तेव्हा एका बाजूचे लोक म्हणाले, हिला आमिष दाखवलं. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे आमच्याच चळवळीतले, म्हणाले, ही विकली गेली. एरवी हे दोघे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पण सव्वीस वर्षांच्या बाईला स्वतःचं डोकं असू शकतं, हे मान्य न करण्यावर दोघांचं एकमत झालं. मला त्याचा अजूनही राग येतो. राग आला की मी लिहिते, ती माझी सवयच आहे. हे मात्र रागाचं लिहिणं नाही. उन्हाळ्यातल्या एका दुपारी जे घडलं ते सांगायचं आहे, आणि त्यातलं काहीच मी घडवलेलं नव्हतं.

आमचं घर वर्ध्याला, पिपरी मेघेत. बौद्ध घर. आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त झालेत आणि वस्तीतल्या विहाराचं सगळं बघतात. बाबांनी मला चालायला शिकवलं त्याच वेळी न वाकायलाही शिकवलं. विहारात आम्ही वंदनेला बसतो ती कृतज्ञता, ती गोष्ट वेगळी. पण काही मागायला म्हणून गुडघा टेकायचा नाही, साहेबासमोर नाही आणि देवासमोर तर नाहीच. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या वाकली, आता पुरे. हे मी शाळेतल्या प्रार्थनेपेक्षा आधी पाठ केलं होतं.

कॉलेज संपल्यावर मी सिंदी रेल्वे या गावी, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातल्या बायांच्या संघटनेत काम करू लागले. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. कापसाची तूस हवेत इतकी उडते की दुपारपर्यंत बायांच्या भुवया पांढऱ्या होतात, आणि आत धड पंखा नाही, प्यायला गार पाणी नाही. हे मी अनेक प्रकारे लिहिलं. गेल्या वर्षी आम्ही गेटसमोर धरणं धरलं, तेव्हा मालकानं मांडव काढायला लावला. मार्च महिना होता. बाया उन्हात बसल्या. समोरच्या मिशनच्या आवाराचं फाटक उघडून तिथले फादर म्हणाले, आत लिंबाखाली बसा. फादर केरळचे. मराठी पुस्तकातून शिकलेले आणि वर वऱ्हाडीची फोडणी, त्यामुळे ते एकाच वाक्यात ‘कृपया’ म्हणतात आणि ‘येजो’ही म्हणतात.

मला ते पचलं नाही. मिशनवाले फुकट सावलीही देत नसतात, असं मी स्वतःच एका पत्रकात लिहिलेलं होतं. म्हणून रविवारी मी मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, जाऊन बसले, पुरावा गोळा करायला. प्रवचनात काहीतरी सापडेल आणि आपण ते छापू, असा हिशेब. त्या दिवशी प्रवचनात शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला होता. मळ्याचा मालक सकाळी मजूर लावतो, दुपारी लावतो, अगदी संध्याकाळीही लावतो आणि शेवटी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. मिस्सा संपल्यावर मी फादरना दारातच गाठलं. म्हटलं, हे कसलं धोरण? दिवसभर राबणारीला तेवढंच आणि तासभर आलेलीलाही तेवढंच? आमच्या संघटनेनं असल्या मालकाला सोडलं नसतं. फादर हसले आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. पण मला एक सांगा. संध्याकाळपर्यंत नाक्यावर उभी राहिली ती बाई कशासाठी उभी होती? तिला कोणी नेलंच नाही, म्हणून ना? मग पोट तिचं अर्धं असते काय?”

सकाळी ठेकेदार गाडीत धट्ट्याकट्ट्या बाया भरून नेतो आणि म्हाताऱ्या, बाळंतिणी, खोकणाऱ्या मागे राहतात, हे मी रोज पाहत होते. आमच्या पत्रकांत कामावरच्या बायांच्या मागण्या होत्या. नाक्यावर उरलेल्यांसाठी एक ओळही नव्हती. त्यांची आठवण ठेवणारा कुणीतरी आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तो कोण आहे हे पाहायला मी पुढच्या रविवारी पुन्हा गेले. पुरावा गोळा करायचा राहून गेला.

त्यानंतर वर्षभर मी फादरकडे शिकायला जात होते. शिकत कमी होते, भांडत जास्त होते. तुमच्या चर्चमध्येही जातपात आहे, काही ठिकाणी तर स्मशानातही जातींमध्ये भिंती आहेत, त्याचं काय? बायांना वेदीवर जागा का नाही? दान वाटता, पण हक्काची भाषा करताना जीभ का अडखळते? फादरनी एकदाही टाळाटाळ केली नाही. भिंतींबद्दल म्हणाले, हे आमचं पाप आहे. दुसऱ्या कुणी इतकं सरळ उत्तर दिलं असतं तर मी जिंकले असं समजून उठले असते. पण उठावंसं वाटेना. त्या छोट्या चर्चमध्ये वेदीजवळ कायम एक लाल दिवा लागलेला असायचा आणि मी तिथे बसले की कुणीतरी माझं बोलणं मधे न तोडता ऐकतंय असं वाटायचं. आमच्या मीटिंगांत असा अनुभव सहसा येत नाही.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. मिस्साच्या मध्यावर सगळे सतरंजीवर गुडघे टेकत आणि मी मांडी घालून तशीच ताठ बसून राहायचे. माझं अंगच ऐकत नसे. जिनिंगमधल्या चंद्रकला मावशी कधीमधी गंमत म्हणून मागे येऊन बसत. त्या ना ख्रिस्ती, ना होण्याच्या विचारात. त्या म्हणाल्या, “बसून राह्यली तं राह्य वं. देव का पोलीस हाय, उठवाले?”

ईस्टरला बाप्तिस्मा ठरला तेव्हा मी घरी सांगितलं. बाबा ओरडले असते तर सोपं होतं, ओरडण्याला उत्तर देता येतं. ते नुसतं म्हणाले, “तुले आपल्या घरात काय कमी पडलं?” आणि विहाराची किल्ली घेऊन निघून गेले. नंतरचे दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. आईनं मधे पडून पाहिलं, उपयोग झाला नाही. संघटनेतल्या प्रदीपदादानं मला दोन तास समजावलं. सवलत जाईल, माहीत आहे ना? माहीत होतं. बौद्ध राहिले तर दलित म्हणून कायदा मला ओळखतो, ख्रिस्ती झाले की ओळख विसरतो, जणू धर्म बदलला की जातवाले मला वेगळं वागवणार आहेत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध मी बोलतच राहणार. दादा म्हणाला, “मंग तिकडं जाऊन बोलजो. इकडची पत्रकं दुसरं कोनी लिहीन.” तेही सहन झालं. बाबांचं गप्प राहणं सहन होत नव्हतं. ज्या माणसानं मला कणा दिला त्याला वाटत होतं की मी तो कणा परत करायला निघाले आहे. आणि खरं सांगायचं तर मधूनमधून मलाही तसंच वाटायचं.

त्या अवस्थेत मी जे केलं ते आमच्यासारखीच करू जाणे. मी देवाला निवेदन दिलं. कागदावर नाही, पण भाषा तीच. चर्चमध्ये एकटी असताना, मांडी घालून, ताठ बसून मी त्याला बजावलं: मागणी पहिली, बाबांनी संमती द्यावी. मागणी दुसरी, संघटनेनं मला दूर करू नये. मागणी तिसरी, यंदाच्या उन्हाळ्यात जिनिंगमध्ये पंखे बसावेत. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारपर्यंत निर्णय न झाल्यास बाप्तिस्मा रद्द समजावा, होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल. त्या वेळी मला यात काही विचित्र वाटलं नाही. तहसीलदारापासून आमदारापर्यंत सगळ्यांशी मी अशीच बोलत आले होते, दुसरी रीत मला येतच नव्हती.

गुरुवार उजाडला आणि तिन्हींतलं काहीही झालेलं नव्हतं. मी सकाळच्या गाडीनं सिंदीला गेले. संध्याकाळच्या विधीआधी फादरना भेटून ‘माझं रद्द करा’ असं सांगायचं ठरवलं होतं. दुपारच्या सुट्टीत गेटवर बायांशी बोलत उभी होते. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. तेवढ्यात चंद्रकला मावशी मिशनच्या फाटकातून धावत आल्या. त्या कधी धावत नाहीत. म्हणाल्या, “चाल वं लवकर. तुया बाबाले ऊन लागलं. आत आनून टाकलं हाय.”

बाबा सिंदीला येणार हे मला माहीतच नव्हतं. नंतर कळलं ते असं. ते दुपारच्या गाडीनं आले, मला शेवटचं समजवायला, किंवा फादरला दोन शब्द सुनवायला, त्यांचं त्यांनाही नक्की नव्हतं. डोक्याला दुपट्टा न बांधता स्टेशनातून पायी निघाले आणि रस्त्यात चक्कर येऊन पडले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बर्फगोळ्याची हातगाडी घेऊन एक माणूस येत होता. त्यानं सरबताच्या बाटल्या खाली रस्त्यावर उतरवून ठेवल्या, बाबांना गाडीवर आडवं केलं, बर्फाची लादी गोणपाटासकट त्यांच्या छातीशी लावली आणि सावली आणि नळ दिसला म्हणून गाडी ढकलत मिशनच्या आवारात आणली. फादर आणि मावशी यांनी बाबांना उचलून फादरच्या खोलीतल्या खाटेवर ठेवलं. तो माणूस नळाचं पाणी पिऊन बाटल्या गोळा करायला परत गेला. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मी त्याला शोधलं. सिंदीत गोळेवाले दोघेच. एक त्या दिवशी लग्नाला बाहेरगावी गेला होता, दुसऱ्यानं उन्हामुळे गाडीच काढली नव्हती. चर्चमधल्या बायकांचं यावर एक मत आहे. माझं काही म्हणणं नाही, घडलं तसं सांगते आहे. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गोळ्याच्या लाल रंगाचे डाग पडले होते आणि आईनं कितीदा धुतलं तरी ते पुरते गेलेले नाहीत.

मी खोलीत शिरले तेव्हा बाबांचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ते मला ओळखत नव्हते. अंग चुलीवरच्या तव्यासारखं. फादरनी गावातल्या डॉक्टरीणबाईंना आणायला माणूस पिटाळला होता. त्यांनी माझ्या हातात ओला पंचा दिला आणि म्हणाले, तळपाय, तळपाय पुसत राहा. मी पुसत राहिले. पाणी घे, पंचा पिळ, टाचा, बोटांच्या फटी. आयुष्यभर बसमध्ये उभे राहिलेले ते पाय. त्यांच्या भेगा मी इतक्या जवळून कधी पाहिल्या नव्हत्या. माझ्या तोंडात एकही मागणी नव्हती. मागण्यांना निदान काहीतरी जोर लागतो, दबाव टाकायला मागे माणसं लागतात. माझ्याजवळ काहीच नव्हतं. तुझ्याच हातात आहे, तुझ्याच हातात आहे, एवढंच मनात चाललं होतं, आणि ‘तू’ म्हणजे कोण, हे मला त्या क्षणी विचारावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई आल्या, सलाईन लागलं. बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, “पाय सोड, गुदगुल्या होते.” मी उठायला गेले तर गुडघे दुखत होते. तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ मी फरशीवर गुडघे टेकून होते. केव्हा टेकले, कुणी टेकायला लावले, काही आठवत नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये विधी सुरू झाला. डॉक्टरीणबाईंनी बाबांना अजून हलू नका म्हटलं होतं, म्हणून मी त्यांच्याजवळच बसले. खोलीच्या खिडकीतून चर्चचं उघडं दार समोर दिसत होतं. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. त्यांत यंदा जिनिंगमधल्या काही ख्रिस्ती बायाही होत्या. फादर झगा खोचून खाली बसले आणि एकेकीचा पाय हातात घेऊन धुऊ लागले. बाबा उशीवर कोपर टेकून बघत होते.

“हा फादर रोज करते काय असं?”

“वर्षातून एकदा.”

“आन बाकीचे दिवस?”

“हेच मी त्यांना विचारलं होतं.”

“मंग काय बोलला?”

“बोलले, बाकीचे दिवस तू मले विचारत राह्यजो.”

बाबांना हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात लपवलं. मग ते बोलायला लागले ते वेगळंच. “माह्या बापानं दीक्षा घेतली, तवा त्याच्या बापाले इचारलं नव्हतं. घरातले देव टोपल्यात भरले आन नदीत सोडून आला. म्हातारा असा तापला, पोराच्या घरचं पानी पेत नाई म्हने. मी झालो तवा पाह्यले आला. दारातूनच पाह्यलं आन गेला.” आजोबांची दीक्षा मी लहानपणापासून ऐकली होती, पण त्या म्हाताऱ्याबद्दल घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. मी विचारलं, मग आजोबांनी काय केलं? “काय करन? त्याले वाईट वाटे. पन देव परत नाई आनले.”

मी म्हटलं, “बाबा, तुम्ही हो म्हणेपर्यंत मी थांबते.” ते चिडले. अशक्तपणातही चिडले. “हेच तं मले पटत नाई. मले काऊन इचारून राह्यली? मी नाईच म्हनीन. मरेपावतर नाई म्हनीन. तुया त्या देवाचं मले एक अक्षर पटत नाई. पन ज्याले जे पटलं ते त्यानं आपल्या मनानं धराव, बापाले इचारून नाई, हेच घेऊन माहा बाप घराबाहेर पडला. तू संमती मागून त्याचा अपमान करू नको.” थोडं थांबून म्हणाले, “त्या जिनिंगच्या बाया सोडशीन काय?” मी नाही म्हटलं. “मंग जा. पन मले बोलावू नको. मी रविवारी विहारात राहीन.”

पाणी पिऊन ते पुन्हा आडवे झाले. समोर पाय धुऊन झाले होते आणि लोक गात होते. मी तिथेच स्टुलावर बसून मनातल्या मनात माझं निवेदन मागे घेतलं. संमती मिळाली नव्हती. पण ती मागणंच चूक होतं, हे बाबांनी मला दाखवून दिलं होतं. घराण्यातला न वाकणारा कणा आणि मला दिसलेला तो देव, यांतलं एक निवडायचं असं मी इतके दिवस समजत होते. बाबांनी नकार देताना दोन्ही माझ्या हातात ठेवले. गुडघ्यांचंही मला तेव्हाच कळलं. साहेबासमोर टेकलेला गुडघा साहेब तसाच ठेवून घेतो. त्या दुपारी मी ज्याच्यासमोर टेकले होते त्यानं मला उठवलं, माझा माणूस माझ्या हवाली केला, आणि बाकीचे दिवस प्रश्न विचारायला मोकळं सोडलं.

ईस्टरच्या सकाळी माझा बाप्तिस्मा झाला. पाण्याआधी फादरनी तीनदा विचारलं, तू सैतानाला नाकारतेस का, त्याच्या कृत्यांना नाकारतेस का, त्याच्या दिखाऊ मोहांना नाकारतेस का? नाकारण्याच्या प्रतिज्ञा, दीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांसारख्या, आमच्याकडे पाळण्यापासून ऐकू येतात. मी घोषणा देतात तशा आवाजात उत्तर दिलं आणि पुढची म्हातारी दचकून मागे वळली. मग डोक्यावर पाणी आलं आणि कपाळावर तेल, आणि मी गुडघ्यांवर होते, आणि मला कुठेही कमीपणा वाटला नाही. बाबा आले नाहीत. मी दाराकडे दोनदा पाहिलं, हे खोटं कशाला सांगू.

दुपारी घरी पोचले तेव्हा ते विहारातून येऊन ताटावर बसले होते. आईनं माझंही ताट वाढलं. मी शेजारी बसले तसं त्यांनी नाक वर केलं. “कपाळाले काय लावलं? वास येऊन राह्यला.”

“तेल आहे, बाबा.”

“टिळा-बिळा नाई ना?”

“नाही. तेलच.”

“पुसा लागते काय ते?”

“नाही. आपोआप जिरते.”

“मंग जिरू दे,” ते म्हणाले आणि वांग्याच्या भाजीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

जिनिंगमध्ये अजून पंखे बसलेले नाहीत. आम्ही पुन्हा गेटवर बसणार आहोत. पत्रकं आता दुसरं कुणीतरी लिहितं आणि ती वाचून मी गप्प बसत नाही. ज्यांना मी विकली गेले असं वाटतं त्यांना अजून तसंच वाटतं. पूर्वी मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे लढाई सोडणं. आता एवढं समजलं आहे की कुणाच्या मनात काय उगवावं हे माझ्या हातात नाही. माझ्या हातात पाणी आहे आणि पंचा आहे, समोर जे पाय येतील ते पुसायचे. बाकी त्याच्यावर सोडायला मी शिकते आहे. फार हळू शिकते आहे, फादरना विचारा.

बाबांना माझं पटलेलं नाही. रविवारी मी मिस्साहून येते, ते वंदनेहून येतात आणि जेवताना आमचं जुंपतं. परवा ते म्हणाले, तुया देवानं इतकं ऊन काऊन केलं? माझे बाबा जिवंत आहेत आणि माझ्याशी भांडतात. या दोन्हींसाठी मी रोज त्याचे आभार मानते.